टिपरे पुन्हा घरी!

परळीकरांनो, रविवारी दुपारी टीव्हीवर काय लावायचं हे ठरत नसेल तर 'श्रीयुत गंगाधर टिपरे' लावा. आमच्याकडे सध्या तेच सुरू आहे.

२००१ मध्ये ही मालिका 'अल्फा मराठी'वर सुरू झाली. मध्येच वाहिनीचं नाव 'झी मराठी' झालं आणि टिपरे २००५ पर्यंत चालले. मूळ दिलीप प्रभावळकरांच्या 'अनुदिनी'त, म्हणजे 'लोकसत्ता'तल्या सदरात. दिग्दर्शन केदार शिंदेंचं. आबा, म्हणजे आजोबा गंगाधर टिपरे झालेले प्रभावळकर तेव्हा जेमतेम सत्तावन्न वर्षांचे होते! सत्तरच्या दशकात दूरदर्शनवर चिमणराव झालेला हाच माणूस. चाल, आवाज, चष्म्यावरून बघणं, सगळंच नवं.

तेव्हा आठवड्याला एकच भाग यायचा. औष्णिक वीज केंद्राचं गाव आपलं, पण भारनियमनात नेमका तोच बुडायचा. आता सलग बघताना लक्षात येतं, की यात खलनायक नाही, कटकारस्थान नाही. आबांचा मुलगा शेखर, सून श्यामला आणि नातवंडं शिऱ्या, शलाका यांच्या घरगुती कटकटींवरच सगळं उभं आहे. माझ्या मते खरा कणा शुभांगी गोखलेंची श्यामला. हशा आबांना मिळतो, घर ती चालवते. राजन भिसेंचा शेखरही मस्त.

काही भागांची गती आज संथ वाटेल, चित्रही धूसर आहे. चालतंय की!

तुकडे तुकडे रील बघू नका. पहिल्या भागापासून, घरातल्या म्हाताऱ्यांना शेजारी बसवून बघा, आणि तुमचा आवडता टिपरे कोण ते कमेंटमध्ये सांगा.