औंढ्यास घर घेण्यापूर्वीं



सुटीच्या दिवशीं लोणावळ्यास उतरावें, धुक्यांतून औंढ्यापर्यंत फिरून यावें आणि परततांना वाटावें कीं, आपलेंही एक घर येथें असावें, हा अनुभव पुण्या-मुंबईच्या पुष्कळ कुटुंबांस परिचित आहे. परंतु रविवारचें घर आणि बारा महिन्यांचें घर यांत मोठें अंतर असतें. जन्माची पुंजी घालण्यापूर्वीं तें तीन मापांनीं मोजून पाहावें, असें मला सुचवावयाचें आहे.

पहिलें माप गाडीचें. खंडाळा ते पुणें हा लोहमार्ग १८५८ सालीं झाला आणि बोरघाटाची चढण १८६३ सालीं खुली झाली. पुणें-लोणावळें लोकल मात्र १९७८ ची. अंतर सुमारें ६४ किलोमीटर. त्यास सव्वा ते दीड तास लागतो. घरापासून स्थानकापर्यंतचा वेळ धरल्यास जाऊन-येऊन साडेतीन तास सहज होतात. महिन्याच्या पंचवीस दिवसांचा हिशेब केला तर साडेतीन अहोरात्रींहून अधिक काळ प्रवासांत जातो. घराच्या किंमतींत ही रक्कम कोणी लिहून देत नाहीं. नोकरी मुंबईस असेल तर मध्यें घाट आहे. पावसाळ्यांत दरड कोसळली कीं वेळापत्रक कागदावरच राहतें. म्हणून कामाच्या दिवशीं, कामाच्याच वेळेस, आठवडाभर हा प्रवास प्रत्यक्ष करून पाहावा.

दुसरें माप पावसाचें. लोणावळ्यास वर्षाकाठीं सरासरी चार हजार मिलिमीटरांवर पाऊस पडतो. म्हणजे पुण्याच्या पांच-सहापट. डिसेंबरांत कोरडी दिसणारी भिंत जुलैंत पाझरते, कपाटांतील कपड्यांस बुरशी येते. बंद ठेवलेल्या घराची दशा तर अधिकच वाईट. तेव्हां घर पाहावयाचें तें ऐन आषाढांत. शेजाऱ्यांस छपराची, विजेची आणि रस्त्याची चौकशी करावी.

तिसरें माप कागदाचें. औंढ्यासारख्या गांवांत शेताला लागूनच वसाहती उठतात. १९४८ च्या कुळकायद्याप्रमाणें जो शेतकरी नाहीं त्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवांचून शेतजमीन विकत घेतां येत नाहीं. म्हणून सातबारा आणि फेरफार पाहावे, जमीन बिनशेती झाल्याचा आदेश मागावा आणि तयार घरासाठीं भोगवटा प्रमाणपत्र पाहावें. बांधकाम चालू असल्यास महारेराची नोंदणी तपासावी. हें प्राधिकरण २०१६ च्या कायद्यान्वयें आलें. त्या कायद्यानें नोंदणीकृत करार होण्यापूर्वीं किंमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास विकासकास मनाई आहे. लहान प्रकल्पांस महारेराची नोंदणी माफ असते. तेथें वकिलाकडून कागद तपासून घेण्याचा खर्च वांचवूं नये.

ज्यांचें काम तळेगांव-कामशेतच्या बाजूस आहे किंवा ज्यांना घरूनच काम करतां येतें, त्यांना पहिलें माप फारसें जड जाणार नाहीं. ज्यांना रोज शिवाजीनगर किंवा मुंबई गांठावयाची आहे, त्यांनीं आधीं एक पावसाळा औंढ्यास भाड्यानें राहावें. चार महिन्यांनंतरही घरांतील सर्वांना तेंच घर हवेंसें वाटलें, तर मग निःशंक मनानें इसार द्यावा.