दरबार, माग आणि भजन : कुंभकोणम परिसरातील दोन स्थलांतरित समाज

तंजावरच्या मराठी वाङ्मयाचा विचार आपल्याकडे बहुधा राजदरबारापासून सुरू होतो आणि दरबारापाशीच थांबतो. 1676 च्या सुमारास व्यंकोजीने तेथे राज्य स्थापन केले, शहाजीराजांच्या ‘लक्ष्मीनारायणकल्याणा’ने मराठी नाट्यरचनेचा आरंभ मागे नेला, दुसऱ्या सरफोजीने सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केले. हा वृत्तांत वाङ्मयेतिहासाच्या वाचकास परिचित आहे. परंतु हे वाङ्मय लिहिणारा, वाचणारा आणि ऐकणारा समाज उपजीविकेसाठी काय करीत होता, आणि ती उपजीविका संपुष्टात आल्यावर त्याच्या भाषेचे काय झाले, हा प्रश्न त्या मानाने क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात तो विचारावयाचा आहे. त्याचे उत्तर एकट्या मराठी समाजाकडे पाहून मिळणार नाही. त्यासाठी त्याच भूमीत वसलेल्या दुसऱ्या एका स्थलांतरित समाजाशी, म्हणजे सौराष्ट्री विणकरांशी, त्याची तुलना करणे इष्ट ठरेल.

कुंभकोणमजवळील मरुदानल्लूर हे लहानसे गाव ह्या तुलनेस सोयीचे केंद्र आहे. एका बाजूस तंजावरचा राजवाडा व कुंभकोणममधील जुनी मराठी घराणी, दुसऱ्या बाजूस दारासुरम, तिरुभुवनम आणि अय्यमपेट्टै येथील रेशमी माग, आणि खुद्द मरुदानल्लुरात सद्गुरुस्वामींचा भजनमठ, अशा तीन भिन्न सांस्कृतिक संस्था येथे एकमेकींच्या शेजारी आढळतात. बाहेरून आलेल्या भाषेला ह्या तीन ठिकाणी तीन निराळ्या प्रकारे आश्रय मिळाला.

अशी तुलना मराठी वाचकास अपरिचित वाटू नये. मुंबईत पारशी आणि इराणी हे दोन्ही झरथुश्त्री समाज इराणातूनच आलेले. परंतु पहिला शतकानुशतके गुजरातेत राहून गुजराती बोलू लागला, तर दुसरा एकोणिसाव्या शतकात व त्यानंतर येऊन चहाच्या हॉटेलांच्या व बेकऱ्यांच्या धंद्यात स्थिरावला. मूळ देश एक, धर्म एक. तरीही येण्याचा काळ आणि आल्यानंतरचा व्यवसाय ह्यांमुळे दोघांची सामाजिक स्थिती निराळी झाली. कावेरीच्या काठी मूळ प्रदेशही भिन्न आहेत, परंतु व्यवसायाचा प्रभाव तितकाच स्पष्टपणे दिसतो.

प्रथम मराठी समाजाचा विचार करू. हा समाज राज्यकर्त्यांबरोबर आला. त्यात लढवय्ये मराठे होते, राजघराण्याचे आप्त होते, आणि लेखन व हिशेब ह्यांत निष्णात असे देशस्थ ब्राह्मण मोठ्या प्रमाणात होते. त्यांच्या उपजीविकेचे दोन मुख्य आधार म्हणजे राज्यातील अधिकारपदे आणि इनाम जमिनी. विद्येला जमिनीचा आधार देण्याची रीत येथे किती दृढ होती, ह्याचे उदाहरण कुंभकोणमच्या परिसरातच सापडते. 1693 मध्ये शहाजीराजांनी तिरुविसनल्लूर हे गाव 46 विद्वानांना दान दिले आणि ते शहाजीराजपुरम म्हणून ओळखले जाऊ लागले. ह्या विद्वानांत अनेक भाषांचे पंडित होते. आश्रय देणारा दरबार मराठी असला, तरी आश्रित विद्या बहुभाषिक होती, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवावयास हवी.

ह्या व्यवस्थेत मराठी ही सत्तेची व दप्तराची भाषा होती. मोडी लिपीतील हजारो कागद आणि सरस्वती महालातील सुमारे तीन हजार मराठी हस्तलिखिते ही त्या स्थानाची साक्ष होय. 1803 मध्ये सरफोजीच्या आज्ञेने बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरविण्यात आले. 1806 मध्ये त्याच्या मुद्रणालयातून ‘बालबोधमुक्तावली’ छापून निघाली. मात्र ह्या काळात राज्यसत्ता अगोदरच क्षीण झाली होती. 1799 च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला, आणि राजाच्या हाती किल्ला व त्याच्या भोवतालचा थोडा प्रदेश एवढेच उरले. सरफोजीच्या वाङ्मयीन व वैज्ञानिक उपक्रमांचा बहर हा राजकीय अधिकार गेल्यानंतरचा आहे. 1855 मध्ये दुसरा शिवाजी औरस पुत्रावाचून निवर्तला आणि संस्थान खालसा झाले. राणी कामाक्षीबाईंनी खासगी मालमत्तेसाठी न्यायालयाचे दार ठोठावले. तथापि 1859 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने ही राज्यसत्तेची कृती असल्याने न्यायालयाच्या अधिकारकक्षेबाहेरची आहे, असा निर्णय दिला.

आश्रय नाहीसा झाल्यानंतर ह्या समाजाने काय केले? त्याच्यापाशी लेखणीचे कौशल्य होते, आणि ते कंपनीच्या कचेरीतही उपयोगी पडत होते. मद्रास इलाख्यातील कचेऱ्यांत देशस्थ कारकून व शिरस्तेदार ह्यांचे वर्चस्व किती होते, हे रॉबर्ट फ्रायकेनबर्ग ह्यांनी गुंटूर जिल्ह्याच्या 1788 ते 1848 ह्या काळाच्या अभ्यासात सविस्तर दाखविले आहे. पुढे कचेरीतील मराठीची जागा इंग्रजीने व प्रादेशिक भाषांनी घेतली, तेव्हा ह्याच घराण्यांतील तरुण इंग्रजी शिक्षणाकडे वळले. 1828 मध्ये कुंभकोणम येथे जन्मलेले सर टी. माधवराव हे ह्या परिवर्तनाचे ठळक उदाहरण. मद्रासच्या हायस्कुलात शिकून ते त्रावणकोर (1857–1872), इंदूर (1873–1875) आणि बडोदे (1875–1882) ह्या तीन संस्थानांचे दिवाण झाले. त्यांचे नातलग आर. रघुनाथराव इंदूरचे दिवाण होते व विधवाविवाहाचे पुरस्कर्ते म्हणून प्रसिद्धीस आले.

ह्या यशाची भाषिक बाजू मात्र निराळी आहे. अधिकारपद मिळविण्यासाठी आता इंग्रजी आवश्यक होती, शेजारव्यवहारासाठी तमिळ आवश्यक होती, धर्मकृत्यांसाठी संस्कृत होती. मराठीला घराच्या आत जागा उरली, आणि तीही नोकरीनिमित्त मद्रास, बंगळूर व त्याहून दूर विखुरलेल्या घरांत. जमिनीचा आधारही 1960 नंतरच्या जमीनधारणा व इनामविषयक कायद्यांनी संपुष्टात आला. शिवाय ह्या समाजाचा सामाजिक दर्जा कोणी नाकारला नव्हता. ‘रायर’ ह्या नावाने ओळखले जाणारे देशस्थ येथील ब्राह्मणवर्गात सहज सामावले गेले. ज्या समाजाला आपले स्थान सिद्ध करण्याची गरज भासत नाही, त्याला आपल्या भाषेभोवती संघटना उभारण्याची निकडही सहसा भासत नाही.

सौराष्ट्री समाजाची कहाणी ह्याच्या नेमकी उलट दिशेने गेली. तमिळ भाषिक ह्यांना ‘पट्टुनूल्कारर’, म्हणजे रेशीमसूतवाले, म्हणतात. मदुरै हे त्यांचे मुख्य केंद्र; परंतु सेलम, परमकुडी, कुंभकोणम, अय्यमपेट्टै येथेही त्यांच्या वसाहती जुन्या आहेत. त्यांची भाषा आर्यकुळातील, गुजरातीशी नाते सांगणारी, आणि मराठी व तेलुगूच्या प्रदीर्घ सहवासाच्या खुणा बाळगणारी आहे. लाट देशातून दशपुरास गेलेल्या रेशीमविणकरांच्या श्रेणीचा उल्लेख असलेला मंदसोरचा शिलालेख (त्यात इ. स. 436 व 473 ह्या वर्षांचा निर्देश आहे) ह्यांच्या पूर्वजांशी जोडण्याचा प्रयत्न काही अभ्यासकांनी केला आहे. तो संबंध अनुमानाच्या पलीकडे नेता येत नाही. परंतु कसबी विणकर समूहाने स्थलांतर करतात, ही गोष्ट त्या लेखावरून स्वतंत्रपणे सिद्ध होते.

ह्या समाजाला दरबारी भाषेचा मान कधीच मिळाला नाही. त्याचे दप्तर नव्हते, ग्रंथालय नव्हते. त्याच्यापाशी होता तो माग. मागावरचे काम एकट्याने होत नाही. ताणा ताणणे, कांड्या भरणे, रंगवणे, नक्षी बसविणे ह्यांत घरातील स्त्रीपुरुष, वृद्ध व मुले सर्वांचा सहभाग असतो, आणि ताणा पसरण्यास गल्लीच लागते. विणकराला रेशीम व रक्कम आगाऊ देणारा धनी पुष्कळदा त्याच समाजातील असे. त्यामुळे भाषा ही कामाची, उधारीची आणि शेजाराची भाषा राहिली. मुलाने ती शिकली नाही, तर त्याला मागावर बसता येत नसे. घर आणि कामाची जागा एकच असल्याने मराठी कारकुनाच्या घरी पडली तशी फूट येथे पडली नाही.

सामाजिक बाबतीत मात्र ह्या विणकरांना झगडावे लागले. ते स्वतःस ब्राह्मण म्हणवीत. इतरांना ते मान्य नव्हते. मदुरैत उपाकर्म करण्यावरून वाद उद्भवला तेव्हा राणी मंगम्माळने पंडितांचे मत घेऊन 1705 मध्ये त्यांना अनुकूल आज्ञापत्र दिले. पुढेही हा वाद मिटला नाही. परंतु ह्याच संघर्षातून मदुरैची सौराष्ट्र सभा, समाजाच्या शाळा, स्वतंत्र लिपीचे पुनरुज्जीवन आणि छापील ग्रंथ निर्माण झाले. अय्यमपेट्टैच्या वेंकटसूरी स्वामींनी सौराष्ट्री भाषेत रामायण रचले. त्यागराजांचे शिष्य वालाजापेट वेंकटरमण भागवतर हेही ह्याच समाजातील; गुरूच्या कृती लिहून ठेवण्याचे मोठे कार्य त्यांच्या परंपरेने केले.

परिणाम काय झाला, ते पाहा. 2011 च्या जनगणनेत सुमारे अडीच लाख लोकांनी सौराष्ट्री ही मातृभाषा नोंदविली. तिची लिपी 2008 मध्ये युनिकोडमध्ये समाविष्ट झाली. उलट, ग्रंथसंपदेने कितीतरी समृद्ध असलेली तंजावरी मराठी आज प्रामुख्याने विखुरलेल्या कुटुंबांची घरगुती बोली आहे. तिचे मोडी दप्तर वाचणारे त्या कुटुंबांतही विरळाच. त्यातील निवडक कागद तमिळ अनुवादरूपाने प्रसिद्ध करण्याचे काम तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने केले. अर्थात, सर्व मराठी स्थलांतरित कारकुनी पेशाचे होते असे मानणे चुकीचे ठरेल. तमिळनाडूत शिंपी व रंगारी अशा मराठी बोलणाऱ्या कारागीर जातीही आहेत. त्यांच्या बोलीचा अभ्यास देशस्थांच्या बोलीशेजारी ठेवून झाला, तर वर मांडलेल्या विधानाची खरी परीक्षा होईल.

आता मरुदानल्लूरच्या मठाकडे वळू. अठराव्या शतकाच्या अखेरीस व एकोणिसाव्याच्या आरंभी होऊन गेलेले सद्गुरुस्वामी हे तेलुगू घराण्यातील. गोविंदपुरमचे बोधेंद्र व तिरुविसनल्लूरचे श्रीधर अय्यावाळ ह्यांच्या नामसिद्धान्ताला त्यांनी निश्चित अशी भजनपद्धती दिली. जयदेवाच्या अष्टपदी, नारायणतीर्थांचे तरंग, कन्नड, तेलुगू व तमिळ पदे, हिंदी भजने आणि मराठी अभंग ह्यांना त्या परंपरेत क्रमाने स्थान आहे. येथे मराठी गाणाऱ्याला मराठी बोलता यावी अशी अपेक्षा नाही. हीच गोष्ट कथाकीर्तनात घडली. 1864 मध्ये मोरगावकर बुवा तंजावरास आले आणि त्यांच्या कीर्तनशैलीच्या प्रभावातून तंजावर कृष्ण भागवतर (1847–1903) ह्यांनी दक्षिणेतील हरिकथेला नवे रूप दिले; साकी, दिंडी, ओवी, अभंग ही मराठी वृत्ते तमिळ कथेत रुळली. 2011 मध्ये गोविंदपुरम येथे महाराष्ट्रीय धाटणीचे विठ्ठल-रुक्मिणी मंदिर उभे राहिले, त्यामागची भक्तमंडळी प्रामुख्याने तमिळ भाषिकच आहेत.

म्हणजे दरबार गेल्यावर मराठीची बोली आक्रसली, परंतु तिचे गीत दुसऱ्यांच्या मुखी गेले. ह्या दोन्ही गोष्टींना सरसकट ‘मराठीचा प्रभाव’ म्हणणे योग्य होणार नाही. भजनात टिकलेली मराठी पाठ आहे. तिच्यात नवे वाक्य रचले जात नाही. मागावरच्या सौराष्ट्रीत रोज नवे वाक्य रचले जाते, मात्र मठाच्या सीमेपलीकडे अभंगाला जो मान मिळतो तो तिला मिळत नाही. भाषेची प्रतिष्ठा, तिचा ग्रंथसंग्रह आणि तिचे दैनंदिन जीवन ह्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वाङ्मयेतिहासाने त्या वेगळ्याच मोजावयास हव्यात.

ह्या विवेचनातून निघणारा निष्कर्ष सौराष्ट्रीच्या भवितव्यालाही लागू पडतो. तिचे बळ मागावर आधारलेले असेल, तर मागावरील संकट हे तिच्यावरील संकट होय. 1985 च्या कायद्याने काही वाण हातमागासाठी राखून ठेवले गेले, तिरुभुवनमसारख्या ठिकाणी विणकरांच्या सहकारी संस्थेने रेशमी साडीला बाजार मिळवून दिला. तरीही यंत्रमागाची स्पर्धा थांबली नाही आणि विणकरांची शिकलेली मुले इतर व्यवसायांकडे जात आहेत. कचेरीने मराठी घरांना जे केले, ते नव्या नोकऱ्या ह्या घरांना करू शकतील.

म्हणून अभ्यासकांपुढील तातडीचे काम हस्तलिखितांच्या सूचींपुरते मर्यादित राहू नये. तंजावरी मराठी घरांतील वृद्धांची बोली, मागाच्या प्रत्येक अवयवाला व क्रियेला असलेले सौराष्ट्री शब्द, आणि मठात गायिल्या जाणाऱ्या अभंगांचे तेथील प्रचलित उच्चार ह्या तिन्हींची नोंद एकाच प्रकल्पात व्हावयास हवी. हस्तलिखिते ग्रंथालयात सुरक्षित आहेत. बोलणारी माणसे आणि चालते माग ह्यांच्याबाबत तसे म्हणता येत नाही.