औषधनिर्माणशाळेतील पहिला विपणन विभाग

आपल्याकडील अनेक आयुर्वेदीय औषधनिर्माणशाळांचा जन्म वैद्याच्या स्वतःच्या चिकित्सालयात झालेला आहे. प्रथम आपल्या रुग्णांपुरते कल्प तयार होतात. त्यांचा गुण पाहून मित्रवैद्य मागणी करतात. पुढे शेजारच्या जिल्ह्यातील घाऊक विक्रेता माल मागू लागतो आणि पाहता पाहता वैद्यांचा वेळ रुग्णांऐवजी दूरध्वनी, पार्सले व थकलेली बिले यांत जाऊ लागतो. सकाळी रुग्णतपासणी, दुपारी भट्टीवर देखरेख आणि सायंकाळी वितरकांशी वाटाघाटी अशी त्रिस्थळी यात्रा सुरू झाली की, विक्रीसाठी स्वतंत्र माणसे नेमावीत, हा विचार मनात येतो. विचार योग्यच आहे. परंतु ती माणसे कोणती असावीत, कोणत्या क्रमाने नेमावीत व त्यांना कोणते अधिकार द्यावेत हे न ठरविता केलेली घाई कशी अंगाशी येते, याचा अनुभव आम्ही घेतला आहे. तो प्रथम सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका प्रोप्रायटरी कल्पाच्या प्रसाराचे काम आम्ही बाहेरच्या एका जाहिरात संस्थेकडे सोपविले. आम्ही दिलेला मजकूर केवळ वैद्यांसाठी होता व त्यात प्रमेहाच्या कोणत्या अवस्थेत कल्पाचा विचार करावा, एवढेच लिहिले होते. छापून आलेल्या पत्रकावर मात्र ‘मधुमेहापासून कायमची मुक्ती’ असा मथळा होता आणि ती पत्रके औषधांच्या दुकानांत ठेवली गेली होती. छपाईपूर्वी मजकूर आमच्याकडे आला होता. त्या आठवड्यात कामाच्या गर्दीत तो पाहावयाचा राहिला. एका ज्येष्ठ वैद्यांनी चूक निदर्शनास आणल्यावर आम्ही दुकानोदुकानी फिरून पत्रके गोळा केली. तोवर एका गृहस्थांनी पत्रक वाचून आपल्या चालू गोळ्या बंद केल्या होत्या. त्यांच्या वैद्यांनी वेळीच आवर घातला म्हणून अनर्थ टळला. पत्रकांचा खर्च पुढे भरून निघाला, पण ही गोष्ट आजही बोचते. त्या संस्थेला दोष देऊन भागत नाही, कारण मजकुरावरचा आमचा अधिकार आम्हीच सोडून दिला होता.

कायद्याची चौकट

विपणनासाठी नेमलेल्या माणसाने पहिल्या दिवशी दरपत्रकाआधी कायदा वाचावा, असे आमचे मत आहे. औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ अन्वये मधुमेह, कर्करोग, अपस्मार, पक्षाघात, रक्तदाब, स्थौल्य, श्वेतकुष्ठ इत्यादी अनुसूचित व्याधींवर औषध सुचविणारी जाहिरात करता येत नाही. कामशक्ती वाढविण्याच्या जाहिरातींनाही तेथे बंदी आहे. केवळ नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकांना विहित रीतीने गोपनीय म्हणून पाठविलेल्या साहित्याला या कायद्यात सवलत आहे. म्हणून वैद्यांसाठीचे साहित्य व जनतेसाठीचे साहित्य यांच्या संचिका पहिल्या दिवसापासून वेगळ्या असाव्यात. भ्रमणध्वनीवरून वैद्यांचे पत्रक क्षणात रुग्णांच्या हाती जाते, याचेही भान प्रतिनिधींना दिले पाहिजे.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच घडल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. औषधे नियमावलीतील नियम १७० ने २०१८ साली आयुर्वेदीय औषधांच्या जाहिरातींना पूर्वमंजुरी आवश्यक केली. जुलै २०२४ मध्ये केंद्राने हा नियम वगळला, ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वगळण्यास स्थगिती दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये प्रकरण निकाली काढताना ती स्थगिती उठविली. नियमांत असे फेरफार होत राहतात. १९५४ च्या कायद्याचे बंधन या सर्व काळात कायम होते, हे ध्यानी ठेवावे.

केव्हा नेमावे?

विक्री वाढली एवढ्याच कारणाने विभाग उभारू नये. उत्पादन स्थिर झाले आहे काय, हे आधी पाहावे. आसव-अरिष्टांच्या संधानाला ऋतुमानाप्रमाणे कित्येक आठवडे लागतात. प्रतिनिधीने मोठी मागणी आणली म्हणून दशमूलारिष्ट चार दिवसांत सिद्ध होत नाही. ताजा आवळा हिवाळ्यात मिळतो. तेव्हा वर्षभराच्या च्यवनप्राशाचा अंदाज त्यापूर्वी बांधावा लागतो. मागणी निर्माण करून माल न देणे हे मागणी नसण्याहून वाईट, कारण वैद्य एकदा दुसऱ्या निर्मात्याकडे वळले की सहसा परत येत नाहीत.

दुसरी खूण अशी की, बाहेरगावचे वैद्य तेच ते प्रश्न वारंवार विचारू लागतात. अनुपान कोणते, मात्रा किती, गुग्गुळाची शुद्धी कोणत्या द्रव्यात केली, यांची उत्तरे देण्यास आपल्याला वेळ पुरेनासा झाला की पहिल्या माणसाची गरज खरोखर निर्माण झाली असे समजावे.

प्रथम कोणाला नेमावे?

बहुतेक ठिकाणी प्रथम फिरता प्रतिनिधी नेमला जातो. आमच्या मते हा क्रम उलटा आहे. पहिली नेमणूक आयुर्वेदाची पदवी घेतलेल्या व शुद्ध, सोपे लिहू शकणाऱ्या व्यक्तीची असावी. वैद्यांच्या प्रश्नांना उत्तरे देणे, माहितीपत्रके सिद्ध करणे आणि तक्रारी नोंदविणे ही तिची कामे. दुसरी नेमणूक मागणी, पाठवणी व वसुली यांचा पाठपुरावा करणाऱ्याची असावी. ही दोन कामे मार्गी लागल्यावरच प्रतिनिधी बाहेर पाठवावा. अन्यथा त्याच्या हाती देण्यासारखे विश्वसनीय साहित्य आपल्यापाशी नसते आणि मग तो स्वतःच्या मनाने बोलू लागतो.

या क्रमाला आपल्या व्यवसायात जुना आधार आहे. वैद्यरत्नम पी. एस. वारियर यांनी १९०२ साली केरळात कोट्टक्कल येथे आर्यवैद्यशाळा स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी ‘धन्वंतरी’ हे मल्याळम वैद्यकीय नियतकालिक सुरू केले. औषध व त्यामागील ज्ञान ही दोन्ही वाचकांपर्यंत एकाच काळात पोहोचू लागली.

निवडीची कसोटी चरकाचार्यांनी दिलेलीच आहे. सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात परिचारकाचे चार गुण सांगितले आहेत : उपचारांची जाण, दक्षता, अनुराग व शुचिता. विपणनातील माणसाला हे चारही लागू पडतात. पैकी शुचिता मुलाखतीत पारखण्याचा एक साधा उपाय आम्ही योजतो. उमेदवाराला अविपत्तिकर चूर्णासारखा परिचित कल्प देऊन जनतेसाठी अर्धे पान लिहावयास सांगतो. त्याने काय लिहिले याहून त्याने काय लिहिण्याचे टाळले, हे आम्ही अधिक बारकाईने पाहतो. ‘हमखास’, ‘समूळ’, ‘कोणताही अपाय नाही’ हे शब्द ज्याच्या लेखणीतून सहज येतात, त्याला आम्ही आदराने निरोप देतो.

आधुनिक औषधांच्या कंपनीतील अनुभवी प्रतिनिधी मिळाल्यास मोह होतो. दौऱ्याची आखणी, नोंदी व भेटींची शिस्त त्याच्याजवळ असते आणि ती घेण्यासारखी आहे. मात्र त्याला किमान काही आठवडे कोठीघरात, भट्टीपाशी व चिकित्सालयात बसवावे. क्वाथ उकळताना ज्याने पाहिला नाही, त्याने क्वाथाविषयी वैद्यांशी बोलू नये.

वेतन व उत्तेजन

केवळ विक्रीच्या टक्केवारीवर माणूस ठेवणे स्वस्त वाटते, परंतु ते महाग पडते. महिनाअखेरीस उद्दिष्ट गाठण्यासाठी वितरकाच्या गळ्यात माल बांधला जातो. चूर्णे व वट्या मुदत संपून परत येतात. अतिशयोक्तीचे बीजही याच पद्धतीत असते. म्हणून उदरनिर्वाहास पुरेल असे निश्चित वेतन द्यावे आणि उत्तेजन दुसऱ्यांदा आलेल्या मागणीवर ठरवावे. वैद्याने तोच कल्प पुन्हा मागविणे म्हणजे त्याला गुण आला, असे मानावयास हरकत नाही.

मजकुराची वही

जो मजकूर बाहेर जाईल, मग तो लेबलावरील असो, पत्रकातील असो वा भ्रमणध्वनीवरील संदेशातील असो, तो एका वहीत उतरवावा. समोर त्याचा ग्रंथाधार अथवा अन्य पुरावा, दिनांक आणि जबाबदार वैद्याची स्वाक्षरी असावी. स्वाक्षरीविना एक ओळही छापखान्यात जाऊ नये. हा अधिकार विपणन प्रमुखाला देऊ नये, बाहेरच्या संस्थेला तर नाहीच. आमच्याकडे त्या पत्रकाच्या प्रसंगानंतर ही वही सुरू झाली. तिच्यामुळे कधी आठवडाभराचा विलंब होतो. तो आम्ही सोसतो.

याच विभागाने बाहेरचे बोलणे आत आणावे, ही अपेक्षाही प्रारंभीच स्पष्ट करावी. औषधाने त्रास झाल्याची वार्ता प्रथम प्रतिनिधीच्या कानी येते. ती दडपली न जाता उत्पादनविभागाकडे व औषधसतर्कता केंद्राकडे गेली पाहिजे. आयुष मंत्रालयाच्या औषधसतर्कता कार्यक्रमात अनिष्ट परिणामांबरोबर दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींचीही नोंद घेतली जाते, हे येथे सांगितले पाहिजे.

व्यवसाय वाढावा, आपले कल्प दूरवर जावेत, ही इच्छा गैर नाही. शुद्ध द्रव्यांनी परिश्रमपूर्वक सिद्ध केलेले औषध कोणाला ठाऊकच नसेल तर ते कपाटात पडून राहते. परंतु विक्रीचे काम दुसऱ्याच्या हाती देताना, रुग्णाला दिलेल्या शब्दाची जबाबदारी वैद्याकडेच राहते. आमच्या वैद्यबंधू-भगिनींनी व औषधनिर्मात्यांनी पहिला माणूस नेमण्यापूर्वी पहिली वही आणावी, एवढीच आमची विनंती आहे.