जॉब हातानं धरू नका, क्लॅम्प घरीच बनवा!

गावगाड्यातल्या लोहाराच्या भात्याशेजारी आता वेल्डिंगचा सेट आणि ड्रिल मशीन दिसू लागलं, त्याला बरीच वर्षं झाली. कोल्हापूर-सांगलीकडं तर लोखंडकामाची परंपराच आहे. १९१० साली किर्लोस्करवाडीला नांगराचा कारखाना उभा राहिला. पुढं कोल्हापूरच्या उद्यमनगरात शेतीच्या ऑइल इंजिनांची कामं वाढली. आज घरामागं पत्र्याचं शेड, त्यात राजकोट किंवा बटाला बनावटीचा जुना लेथ आणि एक ड्रिल मशीन, एवढ्या भांडवलावर कितीतरी तरुण पोरं पंपाची, ट्रॅक्टरच्या अवजारांची, रसवंतीच्या चरकाची कामं करतात.

पण अशा शेडमध्ये एक गोष्ट हमखास कमी असते. मशीन असतं, बिट असतं, वेल्डिंगचा होल्डर असतो. जॉब धरायला मात्र काही नसतं! मग एक जण पकडीनं धरतो, दुसरा हँडल दाबतो. नाहीतर सरळ हातानंच धरायचं. "एकच तर भोक मारायचंय, त्याला काय होतंय?" असं म्हणत म्हणत माणसं बोटं गमावून बसतात.

हात म्हणजे व्हाइस नव्हे

बिट लोखंडात शिरताना फारसा दगा देत नाही. दगा देतं ते पार होताना. तळाशी पातळ पापुद्रा उरतो, बिटाची धार त्यात अडकते आणि पापणी लवायच्या आत जॉब गरगर फिरतो. पातळ पत्रा असेल तर तो पात्यासारखा कापत जातो. त्या वेळी कितीही ताकदीचा गडी असला तरी मोटरपुढं त्याचं काही चालत नाही.

मशीनचा व्हाइस असला तरी भागत नाही. पंपाची बॉडी, बेअरिंगचा ब्लॉक, गिअरबॉक्सचं झाकण या वस्तू त्याच्या जबड्यात बसतच नाहीत. त्यासाठी पट्टीचे क्लॅम्प लागतात. बाजारात ते मिळतात, पण आपल्या जॉबच्या मापाचे मिळतीलच असं नाही. ते घरी बनवणं मुळीच अवघड नाही. मात्र त्यामागचं गणित आधी समजून घ्या.

पोतं आणि दोन गडी

दोन गडी बांबूला पोतं अडकवून नेतात तेव्हा जास्त भार कुणाच्या खांद्यावर येतो? पोतं ज्याच्या जवळ, त्याच्या! क्लॅम्पचं अगदी तसंच आहे. पट्टीचं पुढचं टोक जॉबवर, मागचं टोक टेकूवर आणि मध्ये बोल्ट. बोल्ट जेवढा जॉबच्या जवळ, तेवढा दाब जॉबवर जास्त.

समजा, बोल्टापासून जॉब ३ सें.मी.वर आणि टेकू ६ सें.मी.वर आहे. बोल्टाच्या ओढीचे दोन तृतीयांश जॉबवर पडतात. हेच उलटं केलं, बोल्ट टेकूकडं सरकवला, तर जॉबच्या वाट्याला एक तृतीयांशच येतो. पान्यावर लोंबकळून नट आवळला, तरी जॉब ढिलाच! बहुतेक ठिकाणी चूक होते ती इथंच.

दुसरा नियम टेकूच्या उंचीचा. मागचा टेकू जॉबपेक्षा खाली असेल तर पट्टी मागं कलते आणि फक्त जॉबच्या कडेवर टेकते. जॉब सरकायला तेवढं पुरे होतं. म्हणून टेकू जॉबच्या बरोबरीनं किंवा नखभर वर ठेवा.

क्लॅम्प कसा बनवाल?

१२ मि.मी.च्या बोल्टासाठी ४० मि.मी. रुंद आणि १६ मि.मी. जाड लोखंडी पट्टी घ्या. लांबी १३० मि.मी. पुरे. मध्यरेषा आखा. तिच्यावर १४ मि.मी. अंतरानं चार सेंटर पंच मारा आणि १३ मि.मी. बिटानं चार भोकं पाडा. आधी बारीक बिट चालवलं तर भोक रेषेवरून भटकत नाही. मधले पातळ पडदे छिन्नीनं उडवा आणि कानशीनं साफ करा. ५५ मि.मी. लांबीची खाच तयार झाली. या खाचेमुळंच बोल्ट हवा तसा जॉबजवळ नेता येतो.

मागच्या टोकाला १०.२ मि.मी. भोक पाडून १२ मि.मी.चा टॅप मारा, म्हणजे १.७५ मि.मी. पिचचे आटे पडतील. त्यात एक बोल्ट डोकं खाली करून बसवा आणि वर लॉकनट घाला. हा झाला कमी-जास्त होणारा टेकू. लाकडाचे तुकडे आणि वायसरांची चळत शोधत बसायला नको.

पुढच्या टोकाची वरची बाजू उतरती घासा, म्हणजे चक आडवा येत नाही. खालच्या बाजूची धार मोडून थोडी गोलाई द्या. नटाखाली बाजारचा पातळ वायसर घालू नका. तो खाचेत वाकतो. लेथवर ३० मि.मी. व्यासाचा, ५-६ मि.मी. जाडीचा वायसर स्वतः काढा. बोल्ट घेताना डोक्यावर ८.८ असा आकडा पाहून घ्या. साधी आट्याची सळई हलक्या कामापुरतीच ठीक.

भंगारातला ट्रकचा पाटा मिळाला तर मोह होतो. पाटा चिवट खरा, पण त्याला तापवून कडक पाणी दिलं तर तो ठिसूळ होऊन तुटतो आणि वेल्डिंगच्या जोडाशेजारी तडकतो. क्लॅम्पला साधी एम.एस. पट्टीच बरी.

वेड्यावाकड्या जॉबसाठी

बिडाचा ओतीव जॉब तळाला सपाट नसतो. तो तीन ठिकाणी टेकवा. तिवई कधी डुगडुगत नाही. क्लॅम्प नेहमी टेकूच्या बरोबर वर यावा. अधांतरी भागावर आवळला तर बीड तडकतं. तडकलं नाही तरी जॉब वाकतो आणि क्लॅम्प सोडल्यावर भोक तिरकं निघतं.

तपासायची युक्ती सोपी आहे. प्रत्येक टेकूवर कागदाची पट्टी ठेवा. आवळल्यावर एखादी सहज निघाली, तर जॉब तिथं उचलला गेला म्हणून समजा. मशिनिंग झालेल्या बाजूवर दाबायचं असेल तर मध्ये तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा तुकडा घाला. गोल शाफ्ट असेल तर खाली इंग्रजी व्ही आकाराची खाच असलेला ठोकळा हवाच.

चरकाचे एकसारखे दहा ब्लॉक आले, तर दर वेळी मार्किंग करू नका. एका जाड प्लेटवर एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक अशा तीन पिना ठोका. ब्लॉक पिनांना भिडवा, वरून क्लॅम्प आवळा. दहाव्या ब्लॉकचं भोकही पहिल्याच्याच जागी येईल. एका दिवसाची ही मेहनत पुढच्या प्रत्येक हंगामात उपयोगी पडते.

एवढं पाळाच

एका क्लॅम्पवर जॉब त्याच्याभोवती फिरू शकतो, म्हणून निदान दोन लावा. लांब पट्टीला भोक पाडताना तिचं लांब टोक आपल्या डाव्या हाताला, मशीनच्या खांबाला टेकवून ठेवा. सुटली तरी खांबावर अडेल. हातमोजे, सैल बाही, गळ्यातला टॉवेल मशीनपाशी नको. चकची चावी लगेच काढा. आणि लाइट गेली की आधी स्विच बंद करा. ती कधी येईल याचा नेम नसतो आणि त्या वेळी आपला हात बिटाखाली असू शकतो.

गाडी जुंपताना जू नीट बसलं की नाही हे आपण बघतोच. मग मशीन चालू करण्याआधी जॉब हलवून बघायला असा किती वेळ लागतो? पट्टीचे चार तुकडे आणि एक दुपार, एवढाच खर्च आहे. पेरणीच्या घाईत शेतकरी पंप घेऊन दारात येतो, तेव्हा कारागिराची दहाही बोटं शाबूत हवीत. आपल्या शेडमध्ये क्लॅम्प नसतील, तर पुढचा जॉब हातात घेण्याआधी ते बनवा.