भिंतीवरची बाग – भाग ९ : स्टॅगहॉर्नचं वाळकं पान

मागच्या भागातले नेचे कुंडीत गुण्यागोविंदानं राहणारे होते. आजचा नेचा फळीवर राहतो. नर्सरीत तो ‘स्टॅगहॉर्न’ या नावानं टांगलेला दिसतो. सांबराच्या शिंगांना फुटावेत तसे फाटे फुटलेली पानं पुढे लोंबत असतात. किंमत ऐकून माणूस दचकतो, तरी घेतो. घरी आणल्यावर पहिलं काम कोणतं, तर बुडाशी चिकटलेलं तपकिरी, कागदासारखं पान ‘वाळलंय’ म्हणून ओढून काढायचं. आणि रोप खंगायला लागतं ते तिथूनच.

प्लॅटिसेरियम ही या नेच्यांची प्रजाती. त्यांना पानं दोन तऱ्हेची येतात. पुढे झेपावणारी शिंगं ही एक तऱ्हा. बीजाणू त्यांच्यावरच धरतात. दुसरी पानं गोल, ढालीसारखी, खोडाला चपटी चिकटून वाढणारी. ती काही काळ हिरवी राहतात, मग तपकिरी होतात, पण गळत नाहीत. नवी ढाल जुनीवर चढते, थरावर थर साचतो आणि मुळं त्या थरांच्या आत पसरतात. हा नेचा बांडगूळ नव्हे. खोड त्याला फक्त बसायला हवं असतं. वरून पडणारा पालापाचोळा आणि स्वतःचीच जुनी पानं हीच त्याची माती. सह्याद्रीत झाडांच्या खोडांवर दिसणारं बाशिंग याच कुळातलं, आणि त्याचीही बुडाची तपकिरी पानं हेच काम करतात. तेव्हा ते ‘मेलेलं’ पान हात न लावता राहू द्या.

ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाऊ बेटावर केव्हिन बर्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यातल्या बायफर्केटम जातीच्या वसाहती तपासल्या. त्यांचा शोधनिबंध २०२१ साली प्रसिद्ध झाला. एकाच वसाहतीतली रोपं कामं वाटून घेतात, असं त्यांना आढळलं. काही रोपं बीजाणू धरतात, काही मुख्यतः पाणी साठवणारी पानं वाढवतात आणि स्वतः प्रजननाच्या फंदात पडत नाहीत. याला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी समाजव्यवस्था म्हणावं का, हा वादाचा मुद्दा आहे. मला तो शब्द जरा मोठाच वाटतो, पण निरीक्षण मात्र झकास आहे.

घरासाठी घ्यायची ती हीच बायफर्केटम. सोशीक आहे आणि बाजूनं पिल्लं देते. सुपर्बम ही दुसरी जात दिसायला भव्य, पण तिला पिल्लं होत नाहीत. नवं रोप करायचं तर बीजाणूंपासून, आणि त्याला वर्षं लागतात. ऑस्ट्रेलियात पहिलीला एल्कहॉर्न आणि दुसरीला स्टॅगहॉर्न म्हणतात; आपल्याकडे दोन्ही स्टॅगहॉर्नच, म्हणून घेताना बाजूला पिल्लं आहेत का ते पाहावं. भारताची स्वतःचीही एक जात आहे, वॉलिची. ती मणिपूरच्या जंगलातली. ती तिथेच राहू द्यावी.

बांधणी सोपी आहे. रसायन न लावलेली जाड फळी, तिच्यावर भिजवलेल्या स्फॅग्नम मॉसचा किंवा नारळाच्या काथ्याचा उंचवटा, त्यावर रोप, आणि ढालीवरून आडवातिडवा ताणलेला तंगूस. तांब्याची तार वापरू नये. ढालीच्या मधोमध जो कोवळा कोंब असतो, तो दोऱ्याखाली दाबला जाता कामा नये.

पाणी द्यायचं तर फळी उतरवून बादलीत दहा-पंधरा मिनिटं बुडवा, निथळू द्या, मग टांगा. पुन्हा कधी? मॉसमध्ये बोट खुपसून बघा. कोरडं लागलं तर. वार ठरवून दिलेलं पाणी हेच या झाडाच्या मरणाचं मोठं कारण. तहानलेली शिंगं मलूल होतात आणि बहुधा सावरतात. बुडाशी काळं, मऊ पडायला लागलं तर मात्र कूज शिरली समजा. तिथून परत फिरणं अवघड. कोकणातल्या पावसात वारा खेळेल अशी जागा द्या. विदर्भातल्या मे महिन्यात सावली आणि आसपासची ओल दोन्ही सांभाळा. पूर्वेची बाल्कनी कुठेही चांगली.

पानांवरची पांढुरकी लव धूळ समजून पुसू नका; पानातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून ती असते. टोकांच्या खालच्या बाजूला तपकिरी मखमलीसारखा डाग आला तर फवारा घेऊन धावू नका, ते बीजाणू आहेत. ठिपके सुटे, फुगीर आणि नखानं निघणारे असतील तर ती खवलेकीड. तिला स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्यानं टिपून काढा. तेलकट औषध मारलं तर लवेचं नुकसान होतं.

केळ्याच्या साली ढालीमागे कोंबण्याचा सल्ला फार लोकप्रिय आहे. चिलटांची सोय होते, एवढंच. वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा पातळ द्रवखत पुरतं.

पिल्लू वेगळं करायचं तर त्याला स्वतःची ढाल येईपर्यंत थांबा, मग धारदार सुरीनं मुळांसकट काढून दुसऱ्या फळीवर बांधा. मूळ रोप फळीबाहेर गेलं तर सोडवायचा खटाटोप करू नका. जुनी फळी तशीच मोठ्या फळीवर ठोका, आणि भिंतीतला खिळा बदला. भिजलेली फळी चांगलीच जड होते.