कंपनीचं छत्र आणि आपलं कार्ड

‘आम्हाला काय गरज? मुलाच्या कंपनीचा मेडिक्लेम आहे की!’ हे वाक्य हल्ली आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. मुलगा पुण्याला नाहीतर बंगळुरूला नोकरीला, आणि त्याच्या विम्यात आई-वडिलांची नावं. हप्त्याची आठवण ठेवायला नको की कागद घेऊन हेलपाटे नकोत. मग सरकारी योजनेचं नाव काढलं की घरातली मोठी माणसं हात झटकतात. पण मैत्रिणींनो, हे छत्र मुलाच्या नोकरीच्या दांड्यावर उभं असतं. नोकरी सुटली की बहुतेक ठिकाणी छत्रही मिटतं. नव्या कंपनीच्या विम्यात आई-वडिलांना घेतीलच असंही नाही. काही ठिकाणी फक्त बायको आणि मुलं यांनाच धरतात.

आमच्याकडे नेमकं हेच झालं. आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, त्र्याहत्तर वर्षांचे. आई सहासष्टच्या. दोघांची नावं धाकट्या भाऊजींच्या कंपनीच्या विम्यात होती. ‘आयुष्मान’ कार्ड काढू या, असं मी दोन-तीनदा म्हटलं, तेव्हा अण्णांचं उत्तर ठरलेलं. ‘अगं, ते गरिबांसाठी असतं. आपल्याला देवानं दिलंय. दुसऱ्याच्या ताटातलं कशाला घ्यायचं?’ त्यांच्या बोलण्यात अहंकार नव्हता, संकोच होता. मग भाऊजींनी नोकरी बदलली आणि नव्या कंपनीने आई-वडिलांना विम्यात घेतलं नाही.

खाजगी पॉलिसीची चौकशी केली. अण्णांना बारा वर्षांपासून मधुमेह. एजंटने सांगितलेला हप्ता ऐकून आई म्हणाल्या, ‘एवढ्यात तर वर्षाचा किराणा येईल.’ शिवाय आधीपासून असलेल्या आजारासाठी खाजगी विम्यात तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. त्र्याहत्तराव्या वर्षी तीन वर्षं थांबायचं म्हणजे काय, ते सांगायला नको.

तेव्हा मी अण्णांना योजनेची माहिती वाचून दाखवली. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड सुरू झालं. सत्तर वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकासाठी ते आहे. उत्पन्नाची अट नाही, हप्ता नाही. वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत रुग्णालयात दाखल होऊन घ्यायचे उपचार यात बसतात, आणि जुने आजार पहिल्या दिवसापासून धरले जातात. पाच लाख हे कुटुंबाचे असतात. म्हणजे नवरा-बायको दोघंही सत्तरीपुढचे असतील तर रक्कम दोघांत मिळून. ‘सगळ्यांना आहे म्हणतेस? मग काढू,’ अण्णा म्हणाले. दुसऱ्याच्या ताटातला घास नाही, हे पटल्यावर त्यांची हरकत संपली.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. खाजगी मेडिक्लेम किंवा कामगार विमा, म्हणजे ईएसआय, असला तरी हे कार्ड काढता येतं. कंपनीचा विमा संपायची वाट बघायची गरजच नाही. मात्र केंद्र सरकारच्या पेन्शनरांची सीजीएचएस किंवा माजी सैनिकांची ईसीएचएस असेल, तर ती ठेवायची की वय वंदना घ्यायचं, यातलं एक निवडावं लागतं. तिथे विचार करून ठरवा.

आईंचं काय? त्या सत्तरच्या आत. त्यांच्यासाठी आपल्या राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. पूर्वी बहुतेक पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांना एरवी त्यात जागा नव्हती. १ जुलै २०२४ पासून सगळ्या रेशनकार्डधारकांना ती खुली झाली आणि मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर गेली. म्हणून रेशनकार्डावर घरातल्या प्रत्येकाचं नाव आहे ना, ते आजच बघा. नव्या सुनेचं नाव बरेचदा राहून गेलेलं असतं.

एमआयडीसीत नोकरी करून निवृत्त झालेल्यांसाठी आणखी एक सोय आहे. किमान पाच वर्षं ईएसआयखाली काम करून वयोमानानुसार निवृत्त झालेल्या माणसाला, वर्षाला फक्त १२० रुपये भरून, स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी ईएसआयचे उपचार चालू ठेवता येतात. आमच्या गल्लीत ही गोष्ट सांगितली तेव्हा दोघीजणी चकितच झाल्या.

आता कार्ड काढताना काय होतं ते सांगते. कागद एकच लागतो, आधार. वयही आधारवरचंच धरतात. पण अण्णांच्या बोटांचे ठसे उमटेनात. आयुष्यभर राबलेले हात, रेषा झिजलेल्या. ओटीपीने करू म्हटलं तर आधारला जोडलेला मोबाइल नंबर केव्हाच बंद झालेला. आधी आधार केंद्रात जाऊन नंबर बदलला, मग कार्ड झालं. चेहरा दाखवून ओळख पटवायचीही सोय आहे. आयुष्मान ॲपवरून घरबसल्या करता येतं, नाहीतर सीएससी केंद्रात जायचं. हे सगळं माणूस हिंडता-फिरता असताना ठीक. छातीत दुखतंय, रिक्षा दारात उभी आहे, तेव्हा ओटीपी कुठल्या फोनवर गेला हे कोण शोधणार?

कार्ड मिळालं म्हणजे सगळं फुकट, असंही समजू नका. दवाखान्यात नुसतं दाखवून गोळ्या-औषधं आणण्याचा खर्च यात नाही. योजनेत असलेलंच रुग्णालय लागतं, आणि उपचारही योजनेच्या यादीतला हवा. आपल्या तालुक्यात आणि जिल्ह्याला कोणतं रुग्णालय योजनेत आहे ते आधी विचारून वहीत लिहून ठेवा. केंद्राच्या योजनेसाठी १४५५५ आणि राज्याच्या योजनेसाठी १५५३८८ हे फोन आहेत. रुग्णालयात गेल्यावर आधी ‘आरोग्यमित्रा’ला भेटा, दाखल होतानाच कार्ड द्या. बिल झाल्यावर कार्ड काढून उपयोग नाही.

आणि एक शेवटचं. घरातल्या कागदपत्रांची पिशवी बहुतेक आपल्याच कपाटात असते. सासरच्यांची कार्डं आपण काढतोच, पण माहेरी आई-बाबांचं कुणी बघितलंय का? भाऊ म्हणेल, ‘माझ्या कंपनीचं आहे.’ त्याला म्हणावं, ते राहू दे, हेही असू दे. पुढच्या फोनला भाजी काय केली हे विचारायच्या आधी, आधारला कुठला नंबर जोडलाय ते विचारा.