शब्द ओळखीचे, अर्थ अनोळखी

आपल्या समाजातील अनेक घरांत आज एक तरी मुलगा वा मुलगी पुण्या-मुंबईच्या कंपनीत बसून परदेशी सहकाऱ्यांशी रोज बोलत असते. कित्येक आई-वडील मुलांकडे लंडनला किंवा न्यू जर्सीला चार-सहा महिने राहून येतात. या साऱ्यांचे इंग्रजी कच्चे असते असे नाही. व्याकरण चोख असते, अर्ज-अहवाल बिनचूक लिहिता येतात. अडते ते चहाच्या वेळच्या साध्या गप्पांत. प्रत्येक शब्द ओळखीचा असतो, पण वाक्याचा अर्थ लागत नाही.

याचे कारण वाक्प्रचार. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला ‘तोंडाला पाने पुसली’ किंवा ‘कानाला खडा लावला’ हे शब्दकोशाच्या आधारे कधीच उमगणार नाही. ‘पाण्यात पाहणे’ म्हणजे द्वेष करणे, हे त्याने कोणत्या तर्काने ओळखावे? इंग्रजीपुढे आपली अवस्था नेमकी तशीच होते.

आणि हे प्रकरण नेहमीच हसण्यावारी नेण्यासारखे नसते. परदेशातील रुग्णालयात डॉक्टर ‘इट्स टच अँड गो’ म्हणाले, तर ऐकणाऱ्याला दुखणे जरासे स्पर्शून निघून गेले असे वाटू शकते. प्रत्यक्षात रुग्ण वाचेल की नाही हे सांगता येत नाही, असा त्याचा अर्थ असतो. ‘शी इज नॉट आउट ऑफ द वुड्स येट’ या वाक्यात कोठेही जंगल नसते; धोका अद्याप टळलेला नाही, एवढेच सांगायचे असते. उलट ‘अंडर द वेदर’ ऐकून घाबरण्याचे कारण नाही. प्रकृती थोडी नरम आहे, इतकेच.

वाक्प्रचाराचे मूळ कळले की तो सहसा विसरत नाही. व्यापारी घराण्यांतील मंडळींना ‘इन द रेड’ समजावून सांगावे लागत नाही. तोट्याचे आकडे लाल शाईने लिहिण्याची हिशेबाची पद्धत त्यामागे आहे, आणि ‘इन द ब्लॅक’ म्हणजे शिल्लक जमेची. नफा-तोटा पत्रकाची शेवटची ओळ ती ‘बॉटम लाइन’. म्हणून मुद्द्याचे सार सांगतानाही हाच शब्द येतो. ‘ऑन द बॅक फूट’, ‘स्टिकी विकेट’ हे क्रिकेटवेड्या मुलांना आपोआप समजतात. ‘रेन चेक’ म्हणताच मात्र आपल्याकडे बँकेचा धनादेश आठवतो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत बेसबॉलचा सामना पावसाने थांबला की प्रेक्षकांना पुन्हा येण्यासाठी चिठ्ठी देत, ती रेन चेक. आज कोणी ‘आय विल टेक अ रेन चेक’ म्हटले, तर तो निमंत्रणाला दिलेला सौम्य नकार समजावा: आज जमणार नाही, पुन्हा केव्हातरी.

बाजारात ‘पाचशे वाक्प्रचार’ अशा धर्तीची पुस्तके मिळतात. ती पाठ करून बोलू लागणे हा सर्वांत निष्फळ मार्ग होय. ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या घोकले गेले. इंग्रज माणसाच्या आजच्या बोलण्यात ते क्वचितच येते. त्याऐवजी ‘पुट ऑफ’ म्हणजे लांबणीवर टाकणे, ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणे, ‘पुट आउट’ म्हणजे विझवणे, अशी छोटी क्रियापदे पक्की केली तर निम्मे संभाषण सुकर होते. ती दिसायला अगदी सामान्य, म्हणूनच दुर्लक्षित राहतात.

समजण्यासाठी पुष्कळ वाक्प्रचार हवेत; वापरण्यासाठी मोजके पुरतात. अहिंसेच्या संस्कारात वाढलेल्या व्यक्तीची जीभ ‘किलिंग टू बर्ड्स विथ वन स्टोन’ म्हणताना अडखळली, तर तिने ते खुशाल टाळावे. दोन्ही कामे एकदम होतील, असे सरळ सांगावे. (मराठीनेही एका दगडात दोन पक्षी मारलेच आहेत, हा भाग वेगळा.)

आपले घरचे इंग्रजीही तपासून घ्यावे. ‘आय पास्ड आउट इन 2019’ म्हणजे आपल्या लेखी पदवी मिळाली. अमेरिकन माणसाच्या डोळ्यांपुढे मूर्च्छा येऊन पडलेला विद्यार्थी उभा राहतो. ‘आउट ऑफ स्टेशन’ आणि ‘डू द नीडफुल’ कचेरीच्या पत्रांत शोभले, तरी बाहेरच्यांना ते बुचकळ्यात टाकतात. खुद्द इंग्रजी बोलणाऱ्या देशांतही एकवाक्यता नाही. एखादा विषय ‘टेबल’ करू या, असे ब्रिटिश अधिकारी म्हणाला तर तो चर्चेला घ्यायचा असतो. अमेरिकन म्हणाला तर तूर्त बाजूला ठेवायचा असतो. दोन्हीकडच्या लोकांबरोबर काम करणाऱ्या तरुणाने येथे अंदाज न बांधता विचारावे. ‘डू यू मीन वी डिस्कस इट टुडे?’ असे विचारण्यात कमीपणा मुळीच नाही.

शिकण्यासाठी एक वही पुरते. ऐकलेले संपूर्ण वाक्य, ते कोण कोणाला व कोणत्या प्रसंगी म्हणाले, आणि शेजारी आपला मराठी वाक्प्रचार. ही वही आजोबा आणि नातवंडे मिळून भरू लागली तर उत्तमच. ‘बाइट द बुलेट’ला मन घट्ट करणे, ‘स्पिल द बीन्स’ला बिंग फोडणे, अशा जोड्या जमू लागतात. ‘द बॉल इज इन युअर कोर्ट’पाशी आजोबांना फार शोधावे लागणार नाही; चेंडू अमक्याच्या कोर्टात गेल्याचे मराठी वृत्तपत्रे कित्येक वर्षे छापत आली आहेत.